पट्टीचा आवाज

२८ डिसेंबर २०२४, शनिवार. मिरज

उदयसिंह आज येऊन गेले. पुण्याच्या एका फंडाचे हे गृहस्थ. देशाच्या सुरक्षेसाठी काही बनवणाऱ्या लहान कंपन्यांतच पैसे घालतात. जिना चढून वर आले, आमच्या दोन खोल्या बघितल्या. खालच्या दुकानातून तंबोरा जुळवल्याचा आवाज येत होता. म्हणाले, "देशाची सुरक्षा एवढ्या जागेत?"

वीरधवल म्हणाला, "सर, बंकर याहून लहान असतो."

दोघं हसले. मी आमचा डबा उघडून दाखवला.

वीरधवल बोलतो आणि मी बनवते, अशी आमची वाटणी. तो मलकापूरचा, घरी ऊस, स्वतः पाच वर्षं सैन्यात कॅप्टन होता. मी जत तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी. डब्याचं नाव ‘राखण’ मी ठेवलं. लहानपणी मी जोंधळ्यात माळ्यावर बसून पाखरं राखायची. हा डबा देवळाच्या छतावर बसून आभाळ राखतो. आत चार माईक आहेत. ड्रोनच्या पंख्यांचा आवाज आला की भोंगा वाजतो आणि गावातल्या प्रत्येक फोनवर निरोप जातो.

गेल्या पावसाळ्यात गावोगाव बोलवा झाली होती की चोर आधी ड्रोन फिरवून घरं हेरतात. चोर कुणी पकडला नाही, पण झोप सगळ्यांची उडाली. आमचं काम त्या भीतीतून सुरू झालं हे कबूल करायला हवं. कराड, पाटण, वाळव्याकडे चौदा गावांत डबे चार महिने चालू आहेत. फवारणीचा ड्रोन आणि लग्नातला ड्रोन दोन्ही बिनचूक ओळखले. या महिन्यात पूर्वेच्या दुष्काळी भागात अकरा बसवले. त्यातला एक माझ्याच वाडीत, बिरोबाच्या देवळावर.

उदयसिंह निघताना म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. पण वरच्या लोकांपुढे न्यायचं तर एखादी ठोस घटना हवी. खरा ड्रोन, खरा माणूस."

संध्याकाळी आईचा फोन. जोंधळा हुरड्यात आलाय, भोरड्या पाखरांचे थवे उतरायला लागलेत. "येताना पट्टी आण. चमकीची नको, ती नुसती चमकती. कॅसेटातली काळी आण."

५ जानेवारी, रविवार. वाडी

भंगारवाल्याकडे जुन्या कॅसेटची पिशवी मिळाली. भजनं, लग्नाची गाणी, कुणाकुणाचा आवाज. दिवसभर आईनं आणि मी ती सोडवून वावरभर बांधली, या मेखेपासून त्या मेखेपर्यंत. मी सरळ ताणत होते तर आई बांधावरून ओरडली, "पीळ दे की गं! इंजिनेर झालीस आन एवढं कळंना व्हय?"

पुष्कळ दिवसांनी हाताला माती लागली. बाबा मेंढरं घेऊन नदीकाठच्या उसाकडे गेलेत. धाकटा भाऊ पप्पू देवळापाशी पोरांत बसलेला. देवळाच्या मागेच आमचं वावर, त्यामुळे तो तिथून हसत होता. "आक्का, डब्याला सांग की पाखरं हाकलायला!"

६ जानेवारी, सोमवार. मिरज

काल बस यायची होती म्हणून साडेपाचला देवळापाशी उभी होते. ऊन उतरलं, रोजच्यासारखा वारा सुटला, आणि भोंगा वाजला.

हा भोंगा मी आजवर फक्त तपासणीत ऐकला होता. बायकांनी पोरं ओढून आत घेतली. दारं लागली. सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. मी वर बघितलं, आभाळात काही नव्हतं. पण ऐकू येत होतं: बारीक, सलग, घूंऽऽ. कुठून ते कळेना.

वाडीतले नानासो तात्या काठी घेऊन बाहेर आले. मला म्हणाले, "स्वप्ने, तुझा डबा नसता तर आमाला कळलंच नसतं बघ."

आई त्या वेळी वावरातच होती. तिला म्हणे वेगळं काहीच ऐकू आलं नाही. तिचे कानही आता थकले असावेत.

९ जानेवारी, गुरुवार

चार दिवसांत नऊ इशारे. सगळे पूर्वेकडचे, सगळे दिवस मावळतानाचे. पश्चिमेच्या चौदा गावांत एकही नाही.

वीरधवलने भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचल्या. "बघ. सगळ्या राज्याच्या सीमेच्या बाजूला. अंधार पडायच्या आत टेहळणी करून जातात. ही टोळी आहे."

"आमच्याकडं न्यायला आहे काय? मेंढरं?"

"आज मेंढरं. उद्या पवनचक्क्या, वीज केंद्र, दारूगोळ्याचं कोठार. सराव अशाच ठिकाणी करतात, जिथं कुणी बघत नाही."

तो सैन्यात होता, त्याला कळत असणार. मी नऊच्या नऊ रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकली. यंत्र म्हणतं ड्रोन, शक्यता ब्याण्णव टक्के. मलाही ड्रोनच वाटतो. एकच गोष्ट खटकते. ड्रोन येतो आणि जातो, त्याचा आवाज वाढतो आणि विरतो. हा येत नाही, जात नाही, नुसता असतो. वीरधवल म्हणाला, एका जागी थांबून बघत असेल.

एका जागी थांबून कोण काय बघतंय, या विचाराने आज गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायलासुद्धा मी एकटी गेले नाही.

१३ जानेवारी, सोमवार. सातारा

उदयसिंहांच्या वरच्या लोकांपुढे सादरीकरण झालं. समोर सहा जण, त्यात दोन सैन्यातून निवृत्त. वीरधवल नकाशासमोर उभा राहिला की ऐकणारा टेकून बसत नाही, पुढे सरकतो. एकांनी विचारलं, "खोटे इशारे किती?"

"पश्चिम भागात चार महिन्यांत शून्य," तो म्हणाला.

हे खरं आहे. पूर्वेचं त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर उदयसिंह मला म्हणाले, "तुम्ही गप्प होता."

"पूर्वेकडचा एकही ड्रोन अजून कुणी डोळ्यांनी बघितलेला नाही."

"म्हणून तर लोक घाबरलेत," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला. "दिसला असता तर दगड मारून मोकळे झाले असते."

१५ जानेवारी, बुधवार. मिरज

काल संक्रांत. संध्याकाळी सातला पप्पूचा फोन. धाप लागलेली, मागे कालवा.

"आक्का, घावला! तुझ्या डब्यानं घावला!"

भोंगा वाजल्यावर वीस-पंचवीस पोरं काठ्या घेऊन निघाली. देवळामागच्या पाटाच्या रस्त्यावर एक अनोळखी माणूस मोटरसायकल लावून उभा होता. हातात बॅटरी आणि लोखंडी चावी. पोरांनी विचारलं, ड्रोन कुठाय. तो आमच्या जोंधळ्याकडे हात करत होता.

"आन बोलतोय काय म्हाईत हाय का? पट्टी हाय, पट्टी हाय! मार खाताना बी त्येच. आगं, दिवस मावळल्यावर पाणीपट्टी मागाय कोण येतंय? पाटाला अजून थेंब न्हाई आन ह्यो पट्टी मागतोय! मग तर पोरांचं डोस्कंच फिरलं."

"पप्पू, तू मारलंस?"

"सगळ्यांनीच मारलं."

आज सकाळी कळलं. माणसाचं नाव कृष्णात. खटावकडचा, ठेक्यावरचा पाटकरी. पाटाची दारं उघडणं-लावणं हे त्याचं काम. आठच दिवसांपूर्वी या भागात आला, म्हणून कुणी ओळखत नव्हतं. त्याला मिरजेत आणलंय. डोक्याला आणि कानाला मार आहे, शुद्ध अजून पुरती नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवलाय, पण नावं कुणी सांगत नाही.

त्याच्याजवळ ड्रोन सापडला नाही. वीरधवल म्हणतो, साथीदार घेऊन पळाला असेल. पाटकऱ्याला कुणीही हाताशी धरू शकतं.

मला तसं वाटायला हवं आहे. तसं वाटलं तर बरं होईल.

१७ जानेवारी, शुक्रवार

उदयसिंहांचा निरोप: "वाईट झालं. पण यंत्राने काम केलं हे नोंदवून ठेवा." वीरधवल दोन दिवस फोनवरच आहे. साताऱ्याच्या सहा जणांपैकी दोघांनी स्वतः होऊन विचारणा केली. तो चेहऱ्यावर आनंद दिसू देत नाही, एवढं मात्र मानलं पाहिजे.

पोलिसांचा फोन आला. चौदा तारखेचं रेकॉर्डिंग आणि ‘तो आवाज कशाचा’ याचा लेखी जबाब पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. जबाब माझ्या सहीचा.

दुपारी इस्पितळापर्यंत गेले. फाटकात त्याच वेळी एक बाई जेवणाचा डबा घेऊन आत शिरत होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मागे वळून वळून बघत. ती त्याचीच बायको असेल असं का वाटलं ठाऊक नाही. मी परत फिरले.

२० जानेवारी, सोमवार

रात्री उशिरा लिहिते आहे.

दुपारी खालच्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. जिन्यातून आवाज वर येतात. एक मुलगी म्हणत होती, "चाचा, तंबोरा काळी चार पट्टीत लावून द्या." दुकानाचे मालक चाचा म्हणाले, "परवा पांढरी पाच म्हणालीस. तुझी पट्टी कुठली ते आधी ठरव, बेटी." ती हसली. चाचा पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, पट्टी कुठली, पट्टी कुठली, आणि मी हातातली सोल्डरची कांडी तशीच धरून बसले.

पट्टी हाय. पट्टी हाय.

तो पाणीपट्टीचं बोलत नव्हता. तो जोंधळ्याकडे हात करून सांगत होता.

पिशवीत एक कॅसेट उरली होती. गच्चीवर दोन पाइपांच्या मध्ये बांधली, आई म्हणते तसा पीळ देऊन. तपासणीचा डबा दहा हातांवर ठेवला आणि वाऱ्याची वाट बघत बसले. साडेपाचला वारा आला. पट्टी थरथरली, मग गायला लागली. घूंऽऽ. येत नाही, जात नाही, नुसती असते. भोंगा वाजला. शक्यता चौऱ्याण्णव टक्के.

पश्चिमेला ऊस. उसात पाखरं राखत नाहीत, पट्टी बांधत नाहीत. पूर्वेला जोंधळा आणि वारा संध्याकाळचा. मी यंत्राला मोटार शिकवली, मळणी शिकवली, बँडबाजा शिकवला. ज्या आवाजात मी वाढले तो शिकवायचं सुचलं नाही, कारण तो मला कधी आवाज वाटलाच नाही.

आणि वाडीतली पट्टी मी नेली. मी पीळ दिला.

भोंगा ऐकून चाचा वर आले होते. "काय गं, कोण आहे?" मी म्हणाले, कुणी नाही चाचा. ते पट्टीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सुरात आहे."

२१ जानेवारी, मंगळवार

वीरधवलला गच्चीवर नेऊन दाखवलं. भोंगा वाजला तसा तो पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"महिनाभर दे. पट्टी ओळखायला शिकव. बाहेर काही न बोलता सगळे डबे सुधारून टाकू."

"आणि शुक्रवारचा जबाब?"

"जबाबात यंत्राने काय सांगितलं ते लिही. ड्रोन, ब्याण्णव टक्के. हे खोटं आहे का?"

खोटं नाही. मला त्याचीच भीती वाटते. एक शब्द खोटा न लिहिता मी त्या माणसाला चोर ठरवू शकते.

"स्वप्नाली, उद्या खरोखर ड्रोन आला," तो हळू म्हणाला, "आणि आपण आज बंद पडलो, तर त्याला जबाबदार कोण?" तो मला फसवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं. सैन्यात असताना त्याच्या चौकीवर एकदा इशारा उशिरा पोचला होता. त्यावर तो एवढंच बोलतो, पुढचं सांगत नाही.

२२ जानेवारी, बुधवार. वाडी

देवळापाशी माणसं जमवून सांगायचं ठरवून गेले होते. जमले फक्त पप्पू, नानासो तात्या आणि आई. बाकीचे दारातून बघत होते. पोरं आता रोज पाळीनं देवळावर बसतात. मुख्य वाटेवर आडवी बैलगाडी लावलीय. एसटीही आता वाडीत येत नाही, चालकाला भीती वाटते म्हणे.

मी सांगितलं. तात्या म्हणाले, "बरं, त्या दिशी पट्टी आसंल. पर बाकीच्या येळंला?"

"सगळ्या वेळेला पट्टीच होती, तात्या."

"आसं कसं? रोज कसं काय न्हाईच म्हणतीस? कायतरी आसणारच की." आणि ते काठी टेकत निघून गेले. डबा काढू का विचारलं तर मागे न वळता म्हणाले, "हात लावू नगंस."

पप्पू तसाच उभा. चोवीस वर्षांचा आहे. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"आक्का, डरोन हुतं म्हणून लिहून दे."

"नव्हतं रे."

"म्हाईत हाय. पर तू लिही. डरोन आसलं तर आमी गाव राखत हुतो. पट्टी आसली तर आमी कोण?"

आईच्या मागोमाग आम्ही दोघं घरी आलो.

आई चुलीपाशी होती. तिने भाकरी उलटली, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "पट्टी म्या आणाय सांगितली," ती म्हणाली. "माझं नाव लिही जा."

२४ जानेवारी, शुक्रवार. मिरज

ठाण्यात जायच्या आधी इस्पितळात गेले. या वेळी आत.

कृष्णात चाळिशीचा असेल. डोक्याला, उजव्या कानावर पट्ट्या. शुद्धीवर आहे. त्या कानाने आता ऐकू येत नाही, पुढे येईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत. बायको खाटेशेजारी. मी सांगितलं की आवाजाचं यंत्र मी बनवलं, एक आवाज ऐकवायचा आहे. त्याने मान डावीकडे वळवली. मी फोन त्या कानापाशी धरला. घूंऽऽ.

दोन सेकंदांत त्याने हात हलवला, बास म्हणून.

"पाखराची पट्टी हाय की ही, बाई. कॅसेटाची." मग थांबून, "म्या त्येच सांगत हुतो. भोंगा वाजला, पोरं पळत आली, म्या म्हणलं घाबरू नगा रं, पट्टी वाजतीया. आमच्या खटावातबी बांधत्यात. कुणी ऐकलंच न्हाई."

तो त्यांना धीर देत होता.

"तुमी कुठल्या, बाई?" बायकोने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. मी वाडीचं नाव घेतलं.

ती उठली. शिवी दिली नाही. फक्त माझ्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभी राहिली. कृष्णातने चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि दाराकडे बघत विचारलं, "संगं कोण आलंय का तुमच्या?"

मी एकटीच आहे, असं सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

तिथून ठाण्यात गेले. जबाबात लिहिलं: यंत्राने हा आवाज ड्रोनचा असल्याचे दर्शवले. ते चुकीचे आहे. आवाज पाखरे राखण्यासाठी शेतात बांधलेल्या कॅसेटच्या पट्टीचा आहे. पट्टी मी स्वतः बांधली होती. मारहाणीच्या वेळी संबंधित इसम हेच सांगत होता, असे मला माझ्या भावाने त्याच संध्याकाळी फोनवरून कळवले.

शेवटच्या वाक्यापाशी पेन किती वेळ थांबलं ते मोजलं नाही. हवालदारांनी विचारलं, "भावाचं नाव?"

दाखल्यावरचं पूर्ण नाव सांगितलं. पप्पू म्हणून त्यांना कळलं नसतं.

संध्याकाळी पूर्वेचे अकरा डबे इथून बंद केले. वीरधवलला फोनवर कळवलं. तो एवढंच म्हणाला, "उदयसिंहांना मी सांगतो." आणि फोन ठेवायच्या आधी, "तू घरी जाऊ नकोस इतक्यात."

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी पप्पूला नेलं. आणखी सहा जणांना.

दुपारी आईचा फोन आला. मी उचलण्याआधी चार वेळा वाजू दिला. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "समदी पट्टी काढली. लाकडाला गुंडाळून ठिवलीया. पोलिसास्नी लागंल का?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. आम्हा दोघींच्या मध्ये, फोनमध्ये, हजारो भोरड्यांचा कलकलाट भरला होता, एवढा की तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"वावरात उतरल्यात," ती म्हणाली. "खाऊ द्यात."